वार, खानावळ आणि कोपऱ्यावरचा इराणी

मंडळी, हैदराबादच्या मराठी माणसांबद्दल कुणी लिहायला बसलं की लेखणी आपोआप विवेकवर्धिनीकडे वळते. मग मराठी ग्रंथसंग्रहालय, मग 'निजाम विजय' साप्ताहिक, मग मुक्तिसंग्राम. ते सगळं लिहिलं गेलंच पाहिजे, आणि आपल्यातल्या जाणत्यांनी ते चांगलं लिहिलंही आहे. पण आपले आजोबा दुपारी कुठे जेवत होते, कुणाच्या हातचा चहा त्यांना चालत होता, आपल्या आया-आत्या पहिल्यांदा हॉटेलची पायरी कधी चढल्या, हे मात्र कुणी लिहीत नाही. जणू काही ती माणसं हवेवर जगत होती! म्हणून आज मी फक्त बाहेरच्या खाण्याबद्दल लिहिणार आहे. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. आज "बाहेर जेवायला जाऊ" हे वाक्य हौसेचं आहे. आजोबांच्या काळात ते नाइलाजाचं होतं. घर ज्याला नाही तो बाहेर जेवणार. आणि हैदराबादेत घर नसलेली मराठी माणसं पुष्कळ होती. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. त्या सगळ्यांची राजधानी हैदराबाद. अपील करायचं तर हैदराबाद, वकिली शिकायची तर हैदराबाद, सरकारी नोकरी पाहिजे तर हैदराबाद. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, १९२० साली मुसीच्या काठावर हायकोर्टाची ती लाल-गुलाबी इमारत उभी राहिली, आणि मनमाडहून नांदेडमार्गे येणारी मीटर गेजची गाडी माणसं आणून काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरवू लागली. माझे आजोबा परभणीकडून असेच उतरले. एका वकिलाकडे गुमास्ता म्हणून लागले आणि पुढे परत गेले नाहीत.

काचीगुडा, कुतबीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार, गौलीगुडा, या भागांत आपली वस्ती का झाली याचं अर्धं उत्तर त्या स्टेशनात आहे. उतरलेला माणूस ट्रंक डोक्यावर घेऊन किती लांब चालणार? उरलेलं अर्धं उत्तर सुलतान बाजारात आहे, त्याकडे नंतर येते.

तर उतरलेल्या माणसाचं जेवण. विद्यार्थी असेल आणि गरीब असेल तर 'वार'. सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे, असे सात घरांचे सात वार लावून घ्यायचे. ओळखीचा एखादा वकील किंवा शाळामास्तर चिठ्ठी द्यायचा. वारावर जेवून शिकलेली माणसं पुढे मोठ्या हुद्द्यावर गेली आणि त्यांनी आपल्या घरी वार ठेवले, हेही खरं. पण आमचे आजोबा वारांबद्दल कधी गोड बोलले नाहीत. म्हणायचे, वाढणारीच्या कपाळावरची आठी पाहून भाकरी मोजायची सवय लागते. एखाद्या घरी सुतक पडलं, कुणी गावाला गेलं, की त्या दिवशी उपास. आणि वार जातीच्या बाहेर मिळत नसे, हे तर सांगायलाच नको.

त्यावरचा उपाय खानावळ. हाती थोडे पैसे आले की वार सोडून माणूस खानावळीत नाव घालायचा. काचीगुडा आणि बडी चावडीच्या गल्ल्यांमधल्या खानावळी म्हणजे कुणाच्या तरी घराच्या पुढच्या दोन खोल्या. पुष्कळ वेळा ते घर चालवणारी एखादी विधवा बाई, हाताशी एक आश्रित पोऱ्या. महिन्याचे पैसे आगाऊ. पाट किंवा लांब सतरंजी, पितळी ताट, पाण्याचा तांब्या ज्याचा त्याने भरून घ्यायचा. ज्वारीची भाकरी, वरण, एक भाजी, ठेचा. अंबाडीची भाजी आठवड्यातून दोनदा तरी असायची, कारण ती इथे वाटेल तेवढी मिळते. तेलुगू शेजारणी तिला गोंगुरा म्हणतात आणि तिचं लोणचं घालतात, आपण तीत कण्या किंवा डाळ घालून वर लसणाची फोडणी देतो. परभणीचा माणूस हैदराबादेत रमला त्यात या भाजीचा वाटा आहे असं माझं मत आहे. आता हसा पाहिजे तर.

सणावाराला फीस्ट. त्या दिवशी जास्तीचे पैसे द्यायचे, पाहुणा आणायचा तर आधी सांगायचं. आणि नाव घालताना पहिला प्रश्न 'आडनाव काय?' हाच. आपल्या लोकांत खानावळीचं कौतुक करताना ही गोष्ट हळूच गाळली जाते, म्हणून मी मुद्दाम लिहिते. हैदराबादचा मराठी माणूस म्हणजे केवळ कारकून-वकील नव्हे. भावसार मंडळी होती, मराठा आणि आरे मराठा होते, मराठवाड्यातून पोटासाठी आलेली दलित कुटुंबं होती, स्टेशनात हमाली करणारे होते. त्यांतल्या कितीजणांना बडी चावडीच्या त्या पितळी ताटांपर्यंत पोचता आलं असेल? स्वच्छतेच्या नावाखाली जे चालायचं ते आजीच्या तोंडून मी पुरेसं ऐकलंय.

पैशांचा हिशेबही तेव्हा दुहेरी. निजामाचं स्वतःचं चलन होतं, त्याला हाली म्हणत; ब्रिटिश रुपया म्हणजे कलदार. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. साधं करून सांगायचं तर सात हाली बरोबर सहा कलदार. आजोबा हा भाव मंत्रासारखा म्हणत असत. गावाहून कुणी पक्षकार येऊन 'दोन रुपये दिले' म्हणाला की पहिला प्रश्न 'हाली की कलदार?' आणि गंमत म्हणजे हालीच्या नोटेवर उर्दू-इंग्रजीबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीही छापलेली असे. दरबारात मराठीला कुणी विचारत नव्हतं, पण खानावळीच्या गल्ल्यात ती रोज मोजली जात होती. ही नाणी-नोटा पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं चालल्या. १९५९ मध्ये शेवटच्या बंद झाल्या.

आता इराण्याकडे वळू.

इराणी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या आपल्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ब्रून-मस्का आणि पारशी धाटणीचा मालक येतो. आमच्याकडचा इराणी थोडा वेगळा. हैदराबादेत आलेले इराणी बहुतेक शिया मुसलमान. यझ्द, केरमान अशा कोरड्या मुलखातून निघाले, मुंबई-पुणं करत इथे पोचले. राजदरबारात फार्सीला मान, मोहरमची मोठी परंपरा, त्यामुळे त्यांना हे शहर परकं वाटलं नसावं. जागा घेतली ती बहुतेक कोपऱ्यावरची. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानून घेत नसत म्हणून त्यांना ती स्वस्तात मिळाली असं म्हणतात. मला त्यात व्यवहार दिसतो. कोपऱ्याला दोन रस्त्यांवर दोन दारं, म्हणजे गिऱ्हाईकही दुप्पट.

आत संगमरवरी माथ्याची टेबलं, गोल पाठीच्या काळ्या लाकडी खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे, दाराशी उंच गल्ला आणि त्यामागे बरण्यांतली बिस्किटं. आम्ही त्याला कॅफे कधी म्हटलं नाही. हैदराबादेत सगळंच 'होटल'. चहाची रीत मात्र आपल्या घरच्या रीतीच्या अगदी उलटी. आपण पाणी, साखर, पत्ती, आलं, दूध सगळं एकत्र उकळतो. इराण्याकडे दोन भांडी. एकात पत्तीचं पाणी, तोंड फडक्याने बांधून मंद आचेवर दम देत ठेवलेलं. दुसऱ्यात दूध, तासन्‌तास आटत आटत दाट झालेलं. कपात आधी तो गडद अर्क, वरून दूध. रंग विटेसारखा येतो. दूध जास्त पाहिजे तर 'पौना' सांगायचा. साखर जास्त पाहिजे तर 'खडे चमचे की', म्हणजे साखर इतकी की चमचा उभा राहावा. दोघांत एक पाहिजे तर 'एक में दो', आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडत नसे. पोऱ्या ओरडून बिलाचा आकडा गल्ल्यापर्यंत पोचवायचा, कागद-पेन्सिल नाही.

सोबत उस्मानिया बिस्कीट. थोडं गोड, थोडं खारट, चहात बुडवलं की लगेच काढावं लागतं नाहीतर तळाशी जातं. अफझलगंजच्या उस्मानिया दवाखान्यातल्या रोग्यांसाठी ते तयार झालं असं कुणी सांगतं, खुद्द निजामाला आवडायचं म्हणून त्याचं नाव दिलं असं कुणी सांगतं. दोन्ही गोष्टी बेकरीवाले सारख्याच खात्रीने सांगतात. त्याशिवाय खारा बिस्कीट, फाइन बिस्कीट, चंद्रकोरीच्या आकाराचं चाँद बिस्कीट, कांद्याचे छोटे समोसे. आणि खिम्याची लुखमी, जिच्याकडे आमच्या घरचे पुरुष बघत नाहीत असं दाखवायचे.

माझ्या मते या शहरात आपल्या माणसांना खऱ्या अर्थाने शहरी केलं ते या टेबलांनी. तिथे आडनाव विचारत नव्हते. एकाच टेबलावर कायस्थ पेशकार, तेलुगू कोमटी, अरब चाऊस, काचीगुड्याचा मराठी कारकून आणि रिक्षावाला बसलेला असायचा. सगळं प्रेमाने चाललं होतं असा माझा दावा नाही. जागा रिकामी नसेल तर परक्याच्या टेबलावर बसायचं, एवढाच तो नियम. पण खानावळीत चाळीस वर्षांत जे झालं नाही ते या एका नियमाने झालं.

आता सुलतान बाजाराचं ते उरलेलं अर्धं उत्तर. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार, म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीतला. १९३३ साली तो निजामाकडे परत आला. तोवर तिथे निजामाच्या पोलिसांचा थेट हात पोचत नव्हता, त्यामुळे सभा, वाचनालयं, वर्तमानपत्रं यांना जरा मोकळा श्वास मिळे. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने जे उभं केलं ते बरंचसं याच परिसरात. इतर ठिकाणी 'गश्ती निशाण ५३' होती. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. मग माणसं बोलणार कुठे? चहाच्या टेबलावर. चारजण चहा पिताहेत याला सभा म्हणता येत नव्हतं. पण पलीकडच्या टेबलावर एकटाच बसून तासभर एकच कप पिणारा माणूस कोण, हेही सगळ्यांना ठाऊक असे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९४७-४८ मध्ये विशीत होते, रेल्वेच्या कचेरीत उमेदवारीवर. ते सांगायचे, त्या वर्षी त्यांच्या रोजच्या इराण्याने टेबलावरची वर्तमानपत्रं काढून टाकली. मुंबईची येत नव्हतीच, इथली होती तीही उचलली. कुणी विचारलं तर म्हणे, "चाय पियो भाई, अखबार घर में पढो." रझाकारांच्या मिरवणुका रस्त्याने जायच्या तेव्हा दोन्हीपैकी एक दार तो बंद करून घ्यायचा आणि दुसरं उघडं ठेवायचा. कुणाची बाजू घेतोय असं दिसू नये, आणि आत बसलेल्यांना पळायलाही वाट राहावी. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री 'इमरोज' दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना कामावरून घरी जाताना काचीगुड्यातच गाठून मारलं. रझाकारांविरुद्ध, भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होते म्हणून. आपल्या वस्तीच्या ऐन मधोमध हे घडलं. अण्णा म्हणायचे, दुसऱ्या दिवशी होटल उघडं होतं, माणसंही होती, पण चमच्यांचा आवाज सोडून आवाज नव्हता. पुढच्या महिन्यात १३ ते १७ सप्टेंबर, पाच दिवसांत सगळं संपलं. त्यानंतरच्या दिवसांत भीती बाजू बदलून दुसऱ्या घरांत शिरली, हेही अण्णा सांगायचे, आवाज खाली करून. त्या इराण्याचं होटल मात्र उघडं राहिलं. पहिली चाय कुणी प्यायली, पैसे दिले की नाही, असल्या कथा अनेक आहेत, त्या मी इथे लिहीत नाही.

आतापर्यंत सगळे पुरुषच आले, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बायका कुठे होत्या? घरी. स्वयंपाकघरात.

आमची आत्या १९५२ च्या सुमारास कोठीच्या विमेन्स कॉलेजात होती. रेसिडेन्सीची ती खांबांची भव्य इमारत १९४९ मध्ये कॉलेजला मिळाली होती. जिथे रेसिडेंट साहेब दरबार भरवायचा तिथे आमची आत्या तर्कशास्त्र शिकत होती, याचा तिला भारी अभिमान. तिच्या दोन मैत्रिणी, एक तेलुगू रेड्ड्यांची आणि एक मुसलमान, बुरख्यातून यायची. एके दिवशी त्या तिघी कोठीजवळच्या एका इराण्याकडे गेल्या आणि 'फॅमिली'त बसल्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: होटलाच्या मागच्या बाजूला लाकडी पार्टिशनच्या छोट्या खोल्या असायच्या, दाराला पडदा. बायका बरोबर असतील तर तिथे बसायचं. गोषा पाळणाऱ्या घरांसाठी ही सोय होती, पण तिचा पहिला मोठा फायदा झाला तो कॉलेजच्या मुलींना. पडद्याआड कोण बसलंय ते दिसत नाही, आणि आत बसून तीन मुली तासभर बोलू शकतात. शहरात दुसरी जागाच नव्हती तशी.

ही बातमी घरी पोचायला दोन दिवस लागले. आजीने आत्याला अंगणातच उभं केलं. मुसलमानाच्या कपातून प्यायलीस? आत्याने होय म्हटलं. आंघोळ करून आत ये, पंचगव्य घे. आत्या आंघोळ करून आली, पंचगव्य मात्र घेणार नाही म्हणाली. आजोबा ओसरीवर बसलेले. त्यांनी मध्ये पडून एवढंच विचारलं, "बिस्कीट खाल्लंस का? त्यात अंडं असतं म्हणतात." बस्स. आजीने त्या दिवशी आजोबांकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून घरातल्या सगळ्यांना कळलं की ते गेली वीस वर्षं कोर्टातून घरी यायला उशीर का करत होते. आत्याचं कॉलेज बंद करायची गोष्ट आठ दिवस चालली. शेवटी बंद झालं नाही, पण मैत्रिणी घरी येणं थांबलं. ती बुरख्यातली मैत्रीण पुढे कराचीला गेली, तिचा पत्ता आत्याने शेवटपर्यंत जपून ठेवला होता. पत्र कधी टाकलं की नाही, ते तिने आम्हाला सांगितलं नाही. आजीने आमच्या घरातले कप वेगळे केले. आत्याचा कप वेगळा, कोनाड्यात. आत्या लग्न होऊन गेली तरी तो कप तिथेच होता.

मी कॉलेजात गेले तेव्हा, म्हणजे साठीच्या दशकाच्या शेवटी, हे सगळं कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. आमची बाहेर खाण्याची हौस आबिड्सवर भागायची. आबिड्स हे नाव निजामाच्या एका आर्मेनियन ज्यू नोकराच्या, आल्बर्ट आबिदच्या दुकानावरून पडलं. ताजमहाल हॉटेलात इडली, तुपातला दोसा, थाळी. उडुपी पद्धतीच्या या हॉटेलांना आमच्या आजीनेही हरकत घेतली नाही, आचारी ब्राह्मण म्हणून. इडली-सांबार आपल्या घरांत आलं ते तेलुगू शेजाऱ्यांकडून असं आपण म्हणतो, पण खरी वाट उडुपी हॉटेलांतून आली. घरात पहिल्यांदा इडलीपात्र आणलं ते ताजमहालमध्ये खाऊन आल्यावर. मोअज्जम जाही मार्केटात फेमसचं हाताने फिरवलेलं आईस्क्रीम, उन्हाळ्यात आंबा, थंडीत सीताफळ. आणि जानेवारीत नुमाइश. १९३८ साली उस्मानियाच्या पदवीधरांनी सुरू केलेलं हे प्रदर्शन नामपल्लीच्या मैदानावर दरवर्षी भरतं. तिथे मिरचीभजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय आमची संक्रांत पुरी होत नसे.

आबिड्सलाच ओरिएंट होटल होतं. कवी, पुढारी, विद्यार्थी नेते, सगळ्यांचा अड्डा. मख्दूम मोहिउद्दीन तिथे बसायचे. हुसेनसाहेब हैदराबादेत असले की इराण्याच्या चहाशिवाय त्यांचं भागत नसे; त्यांचा जन्म पंढरपूरचा, हे आपल्या लोकांनी विसरू नये. आमच्या मराठी मुलांनाही ओरिएंटचं फार आकर्षण होतं. ओरिएंट बंद होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याच आबिड्सवरचं ग्रँड होटल, १९३५ चं, अजून आहे.

आता खानावळींचं काय झालं ते सांगते, कारण त्याबद्दल मला खरी हळहळ आहे. लोक म्हणतात, माणसांची चव बदलली, उडुपी आले, म्हणून खानावळी बसल्या. चूक. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. तेलंगणा आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरला, आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात. त्या दिवसापासून परभणीच्या पक्षकाराला हैदराबादच्या हायकोर्टाचं काम उरलं नाही, अपील मुंबईला. नांदेडचा मुलगा औरंगाबादला किंवा पुण्याला शिकायला जाऊ लागला. सचिवालयातले मराठी कारकून, हिशेबनीस मुंबईला नेमले गेले. गाडी तशीच येत होती, काचीगुड्याला तशीच थांबत होती, पण ट्रंक घेऊन उतरणारे कमी झाले. खानावळ गिऱ्हाइकाच्या जिभेवर चालत नव्हती, ती जिल्हा आणि राजधानीच्या नात्यावर चालत होती. ते नातं तुटलं आणि दहा-बारा वर्षांत एकेक चूल विझली. काही बायका मुलांकडे औरंगाबादला गेल्या. एकीने गल्लीतल्याच घरांना पुरणपोळ्या आणि दिवाळीचं फराळ करून द्यायला सुरुवात केली. आमच्या लहानपणी चकल्या तिच्याकडूनच यायच्या.

इराण्याला फरक पडला नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक शहराचं होतं. त्याची पाळी नंतर आली. जागांचे भाव चढले, पुढची पिढी शिकून परदेशी गेली, रस्ता रुंद करताना कोपरा आधी जातो. जे कोपऱ्यामुळे उभं राहिलं ते कोपऱ्यामुळेच पडलं. सुलतान बाजारातून मेट्रो गेली, २०२० पासून धावते. तिच्या खांबांखालून आता जुन्या दुकानांच्या पाट्या शोधाव्या लागतात.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कोठीचं गोकुळ चाट, १९६६ पासूनचं. सुलतान बाजारातून खरेदी करून निघालं की पाय आपोआप तिकडे वळायचे, उभ्याने कटोरी चाट नाहीतर रगडा खायचा आणि बस पकडायची. २५ ऑगस्ट २००७, शनिवारची संध्याकाळ. तिथे आणि लुंबिनी पार्कात स्फोट झाले, चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक गोकुळसमोर. आपल्या वस्तीपासून चालत पाच मिनिटं. त्या रात्री काचीगुडा-बरकतपुऱ्यातल्या प्रत्येक घरातून फोन चालू होते, कोण बाहेर आहे, कोण आलं. आमच्या घरची सून बसची वाट बघत कोठीलाच होती. रात्री साडेदहाला चालत घरी आली, पायात एकच चप्पल. काही दिवसांनी गोकुळ पुन्हा उघडलं आणि पहिल्याच संध्याकाळपासून गर्दी. मुलगा म्हणाला, लोकांना लाज नाही. मला तसं वाटलं नाही. सून महिन्याभराने स्वतःहून गेली, मला घेऊन. आम्ही दोघींनी दहीपुरी खाल्ली, काही बोललो नाही, आणि रिक्षाने परत आलो.

आता आमच्या घरी नातवंडं फोनवर मागवतात. पॅराडाइजची बिर्याणी येते, सिकंदराबादच्या पॅराडाइज टॉकीजला लागून १९५३ साली निघालेल्या लहानशा होटलाची आता ही एवढी पसरलेली साखळी. आमच्या देवघराच्या शेजारच्या खोलीत ती खाल्ली जाते. आजीचा कोनाडा अजून आहे, त्यात आता इंटरनेटची डबी बसवली आहे. चहा मात्र कुणी फोनवर मागवत नाही. दोन्ही नातू पहाटे अभ्यास झाला की निलोफरला जातात, रेडहिल्सला, आणि येताना माझ्यासाठी पुड्यात उस्मानिया आणतात, कोमट असतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी काचीगुडा, बडी चावडी, गौलीगुड्यातल्या खानावळीचं कूपन, पासबुक, जमाखर्चाची वही, काहीही असेल तर रद्दीत देऊ नका. आमच्याकडे आजोबांच्या डायरीत एका वर्षाचा हिशेब आहे: खानावळ, महिन्याचे इतके, हाली. आणि त्याखाली रोज एक बारीक टिंब, पुढे काहीच लिहिलेलं नाही. ते टिंब कशाचं ते आजीला १९५२ मध्ये कळलं.